५० नॅनोमीटरची पट्टी आणि ५७ गिगापास्कलची तूट: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका संशोधन संस्थेतलं आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, आकडे गोल केले आहेत, काही तपशील बदलले आहेत. आकड्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं मात्र तशीच ठेवली आहेत. पेपरचा मसुदा वाचायला माझ्याकडे आला होता, त्यानंतरचं सगळं मी जवळून पाहिलं. अतिपातळ थरांवर काम करणाऱ्यांपुढे हा पेच आज ना उद्या उभा राहतोच, म्हणून तो सविस्तर मांडतो आहे.

## पार्श्वभूमी

पीएचडीच्या चौथ्या वर्षातली एक विद्यार्थिनी सिलिकॉनच्या अतिपातळ पट्ट्यांचा यंग गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचं माप, मोजत होती. हे माप गिगापास्कलमध्ये सांगतात. पट्टी एका टोकाला धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी. इमारतीच्या सज्जासारखी बाहेर आलेली. यालाच कॅन्टिलिव्हर म्हणतात. तिची नैसर्गिक वारंवारता जाडी, लांबी, घनता आणि यंग गुणांक यांवरून ठरते. पहिल्या तीन गोष्टी माहीत असल्या आणि वारंवारता मोजली की चौथी हाती येते. अशा पट्ट्यांवर अतिसूक्ष्म वस्तुमान मोजणारे सेन्सर बांधले जातात. त्यामुळे पट्टी पातळ केल्यावर तिचा ताठपणा किती बदलतो, हे नेमकं कळणं गरजेचं असतं.

पातळ केल्याने फरक का पडावा? पृष्ठभागावरच्या अणूंना एका बाजूला शेजारीच नसतात. त्यांचे बंध आतल्या अणूंच्या बंधांपेक्षा वेगळे वागतात. जाड तुकड्यात असे अणू इतके थोडे असतात की त्यांना हिशेबात धरायची गरज पडत नाही. जाडी काही दहा नॅनोमीटरवर आली की त्यांचा वाटा वाढतो. हा परिणाम दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे पृष्ठीय ताण: बाहेरून काहीही न ओढता पृष्ठभागात मुळातच असलेला ताण. दुसरी पृष्ठीय लवचिकता: पट्टी ताणली किंवा वाकवली की पृष्ठभाग जो विरोध करतो, तो आतल्या पदार्थापेक्षा कमी किंवा जास्त असणं. घन पदार्थात नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा आणि असलेला पृष्ठभाग ताणायला लागणारी ऊर्जा वेगळी असते, हा भेद शटलवर्थने १९५० मध्ये नीट मांडला. १९७५ मध्ये गर्टिन आणि मर्डोक यांनी पृष्ठभागाला जाडी नसलेली, पण स्वतःचे लवचिकता स्थिरांक असलेली त्वचा मानून त्याचं गणित उभं केलं.

व्यवहारात वापरायला सगळ्यात सोपं सूत्र मिलर आणि शेनॉय यांनी २००० मध्ये दिलं. पृष्ठीय लवचिकतेचं माप, म्हणजे पृष्ठीय गुणांक, घ्यायचा, त्याला यंग गुणांक आणि जाडी यांच्या गुणाकाराने भागायचं आणि एका साध्या आकड्याने गुणायचं. ताठपणात होणारा सापेक्ष बदल मिळतो. पातळ पत्रा ताणताना तो आकडा २ असतो, वाकवताना ६. वाकवताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो, म्हणून तिथे पृष्ठभागाचं वजन तिप्पट. या प्रकरणाचा कणा हे सूत्रच आहे.

पट्ट्या एसओआय (सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटर) वेफरवर, म्हणजे तीन थरांच्या चकतीवर, बनवल्या होत्या. वर सिलिकॉनचा पातळ थर, त्याखाली गाडलेला ऑक्साइड, त्याखाली जाड सिलिकॉन. वरचा थर हवा तितका पातळ करायला तो भट्टीत ऑक्सिडाइज करायचा, तयार झालेला ऑक्साइड हायड्रोफ्लोरिक आम्लात, म्हणजे एचएफमध्ये, काढून टाकायचा. मग पट्टीचा आकार कोरायचा आणि शेवटी पुन्हा एचएफमध्ये बुडवून पट्टीखालचा ऑक्साइड विरघळवायचा. याला प्रयोगशाळेत रिलीज म्हणतात. रिलीज झाली की पट्टी हवेत तरंगते. नंतर व्हॅक्यूम चेंबरमध्ये पिझोवर, म्हणजे वीज दिली की थरथरणाऱ्या तुकड्यावर, ठेवून ती हलवायची आणि लेझर व्हायब्रोमीटरने वारंवारता घ्यायची.

तीन जाड्या निवडल्या होत्या: २२०, १०० आणि ५० नॅनोमीटर. रुंदी सगळ्यांची २ मायक्रोमीटर. लांब आणि पातळ पट्टी वाळताना खालच्या पृष्ठभागाला चिकटते, म्हणून जाडी कमी करताना लांबीही कमी केली होती: अनुक्रमे २०, १० आणि ५ मायक्रोमीटर. लांबी आणि जाडी यांचं प्रमाण साधारण शंभर राहावं, हा विचार त्यामागे होता. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने त्यात काहीच चूक नव्हती.

## अडचण

सिलिकॉनच्या स्फटिकात ज्या दिशेला ‘११०’ म्हणतात तिच्यात यंग गुणांक १६९ गिगापास्कल असतो, हे पक्कं माहीत आहे. मोजलेल्या वारंवारता आल्या ७१९ किलोहर्ट्झ, १.२४ मेगाहर्ट्झ आणि २.२४ मेगाहर्ट्झ. त्यावरून काढलेला गुणांक २२० नॅनोमीटरला १५२, १०० ला १३७ आणि ५० ला ११२ गिगापास्कल. जाडी कमी, ताठपणा कमी. आलेख देखणा होता. तूट जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढत होती आणि सिद्धांत नेमकं तेच सांगतो.

साहित्यातही आधार होता. जपानमधल्या एसाशी यांच्या गटाने २००३ मध्ये अशाच पट्ट्यांवर काम करून ३०० नॅनोमीटरच्या आसपास १६७ गिगापास्कल आणि १२ नॅनोमीटरला ५३ गिगापास्कल असा उतार दाखवला होता. विद्यार्थिनीचे बिंदू त्या उताराशी विसंगत दिसत नव्हते. तिने सूत्र लावून पृष्ठीय गुणांक काढला: सुमारे उणे ५०० न्यूटन प्रति मीटर. मसुद्याच्या निष्कर्षात लिहिलं होतं की पृष्ठीय लवचिकतेमुळे सिलिकॉनची पट्टी ५० नॅनोमीटरवर एक तृतीयांश मऊ पडते. परिषदेची मुदत जवळ आली होती. गाईड खूश होते.

मला पहिल्याच वाचनात तो उणे ५०० चा आकडा खटकला. अणुपातळीवरच्या गणनांमधून सिलिकॉनच्या स्वच्छ पृष्ठभागासाठी उणे दहाच्या आसपास न्यूटन प्रति मीटर येतात. इथे पन्नासपट फरक होता. ५०० ला १६९ ने भागलं की जवळपास ३ नॅनोमीटर मिळतात. याचा साधा अर्थ असा की पट्टीच्या वरचे ३ आणि खालचे ३ नॅनोमीटर जणू सिलिकॉन नाहीच, ते वाकायला काहीही विरोध करत नाहीत. सिलिकॉनच्या स्फटिकाचं एक घर ०.५४३ नॅनोमीटरचं. म्हणजे दोन्ही बाजूंची पाच-सहा घरं निकामी झाली असं म्हणावं लागलं असतं.

दुसऱ्या बाजूनेही तपासता येतं. स्फटिकाच्या ‘१००’ या दिशेत अणूंच्या दोन थरांतलं अंतर ०.१३६ नॅनोमीटर, म्हणजे ५० नॅनोमीटरच्या पट्टीत साधारण ३६८ थर. सगळ्यात बाहेरचा एकेक थर पूर्ण निकामी मानला तरी वाकण्याचा ताठपणा दीड टक्क्याच्या आसपासच घटतो. तूट तर ३४ टक्क्यांची होती.

हे मी कळवलं तेव्हा ती म्हणाली, "पण सर, एक भागिले जाडीचा नियम इतका चोख बसतोय." तिचा मुद्दा वाजवी होता. योगायोगाने तीन बिंदू त्या नियमावर बसावेत, हे पटण्यासारखं नव्हतं. त्यामुळे प्रश्न असा उरला: पृष्ठभाग सोडून दुसरं काय जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढतं?

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय मसुदा आहे तसा पाठवण्याचा. मुदत गाठली असती, रेफरी काय म्हणतात ते कळलं असतं. गाईडनी तो बराच वेळ मनात ठेवला. तिचं चौथं वर्ष होतं आणि नावावर एकही पेपर नव्हता. ही गोष्ट क्षुल्लक नाही. असे निर्णय नुसत्या भौतिकशास्त्रावर होत नाहीत.

दुसरा पर्याय गाईडनीच सुचवला. लवचिकता नसेल, तर पृष्ठीय ताण असेल. पट्टी आतून दाबली जात असेल आणि त्यामुळे वारंवारता घसरत असेल. हा विचार कुणालाही सुचतो आणि त्याला जुना इतिहास आहे. १९७५ मध्ये लागोव्स्की, गाटोस आणि स्प्रोल्स यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ स्फटिकांची वारंवारता पृष्ठीय ताणामुळे बदलते असं म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी गर्टिन, मार्केन्स्कॉफ आणि थर्स्टन यांनी दाखवलं की एक टोक मोकळं असलेल्या पट्टीत हा ताण स्थिर असेल तर त्याचा वारंवारतेवर परिणामच होत नाही. पृष्ठभाग जितका ओढतो, तितकाच आतला पदार्थ उलट दाबला जातो. पट्टी किंचित आखडते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना रद्द करतात. दोन्ही टोकं धरलेल्या पट्टीत असं होत नाही, कारण तिला आखडायला जागाच नसते. २००७ मध्ये लाचुट आणि सेडर यांनी यात भर घातली: धरलेल्या टोकापाशी पट्टी आडवी आखडू शकत नाही, म्हणून तिथे थोडा ताण उरतो आणि त्याचा लहानसा परिणाम दिसतो. एका दिशेत ताणल्यावर पदार्थ आडवा किती आखडतो ते पॉसाँ गुणोत्तर सांगतं; सिलिकॉनच्या ११० दिशेत ते अवघं ०.०६४ आहे, त्यामुळे या पट्ट्यांत तोही नगण्य ठरत होता. हा पर्याय कागदावरच बाद झाला. गाईडनी तो स्वतःच बाद केला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तिसरा पर्याय मोजमापांवर शंका घेण्याचा. गुणांक जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि लांबीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात निघतो. म्हणून मी तिला एक उलटा हिशेब करायला सांगितला: गुणांक १६९ च आहे असं धर आणि त्यासाठी जाडी किंवा लांबी किती चुकलेली असायला हवी ते काढ.

जाडीचं उत्तर आलं ४१ नॅनोमीटर. ५० च्या जागी ४१. परावर्तित प्रकाशावरून जाडी मोजणारा एलिप्सोमीटर इतका चुकत नाही, तो रस्ता बंद झाला. लांबीचं उत्तर मात्र चक्रावून टाकणारं होतं. ५ मायक्रोमीटरच्या पट्टीची लांबी ५.५४ हवी होती, १० च्या पट्टीची १०.५४, २० च्या पट्टीची २०.५४. तिन्ही ठिकाणी वाढ एकच, ०.५४ मायक्रोमीटर.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. नवं उपकरण लागलं नाही, नवा नमुना लागला नाही. लांबी आणि जाडीचं प्रमाण शंभर ठेवल्यामुळे लांबीतली ठरावीक चूक लांबीच्या, म्हणून आपोआप जाडीच्याही, व्यस्त प्रमाणात गुणांक खाली ओढत होती. एक भागिले जाडीचा नियम खरा होता, पण तो पृष्ठभागाचाच पुरावा आहे असं म्हणता येत नव्हतं.

त्या बैठकीत गाईडनी १९७७ चं उदाहरण काढलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या हिलियार्ड यांच्या गटाने धातूंच्या अतिपातळ थरांची चळत असलेल्या पापुद्र्यांचा गुणांक काही पटींनी वाढतो, असं फुगवण चाचणीवरून, म्हणजे कडेला धरलेला पापुद्रा दाबाने फुगवून, जाहीर केलं होतं. त्यावर पंधरा वर्षं सिद्धांत रचले गेले, पृष्ठीय ताणावर आधारलेलेही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांत तो परिणाम सापडला नाही. पापुद्रा सुरुवातीला किती सपाट आणि किती घट्ट बसवलेला आहे, यावर फुगवण चाचणी फार अवलंबून असते. तिथेही घोळ पकडीचाच, म्हणजे नमुना कडेला कसा धरला आहे याचा, होता. "मुदत जाऊ दे," गाईड तिला म्हणाले, "आधी पकड बघ."

## काय केलं

पहिला धागा क्लीन रूममध्ये सापडला. तिथली प्रक्रिया वर्षानुवर्षं सांभाळणारे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. तिने त्यांना विचारलं, "काका, रिलीजला एचएफमध्ये किती वेळ ठेवलं होतं?"

"तुझी पट्टी दोन मायक्रॉनची," काका म्हणाले. "दोन्ही बाजूंनी एकेक मायक्रॉन खाल्लं की सुटते. पण सुटली की नाही ही धाकधूक नको म्हणून आपण दीडपट वेळ ठेवतो. म्हणजे पायथ्यालाही दीड मायक्रॉन गेलेलं असणारच की."

एचएफला पट्टी आणि पायथा यांत भेद कळत नाही. पट्टीखालचा ऑक्साइड विरघळतो तसा जिथून पट्टी सुरू होते त्या कडेखालचाही विरघळतो. पट्टी ज्याला धरून आहे असं आपण समजतो, तो भाग स्वतःच दीड मायक्रोमीटर अधांतरी असतो. याला अंडरकट म्हणतात. ऑप्टिकल सूक्ष्मदर्शकात तो चक्क दिसतो: खाली ऑक्साइड असलेला भाग एका रंगाचा आणि खाली हवा असलेली कड दुसऱ्या रंगाची. तिच्या जुन्या फोटोंत प्रत्येक पट्टीच्या पायथ्याशी ती फिकट किनार होती. लांबी मोजताना मात्र मोजपट्टीची रेघ किनारीच्या बाहेरच्या कडेवर, मास्कमध्ये, म्हणजे पट्ट्यांचा आकार कोरण्यासाठीच्या आराखड्यात, जिथे पट्टी सुरू होते तिथे, ठेवलेली होती.

अधांतरी कड रुंद असते, त्यामुळे अंडरकट दीड मायक्रोमीटर असला म्हणजे पट्टी तेवढी लांब झाली असं नाही. कड थोडी वाकते आणि पट्टी जणू थोडी लांब असल्यासारखी वागते. ही वाढ किती, हे सिम्युलेशनमधून काढता आलं असतं. गाईडनी मोजायचं ठरवलं, आणि ते बरं झालं. सिम्युलेशनला अंडरकटचा नेमका आकार द्यावा लागतो आणि शंका नेमकी त्यावरच होती.

नवा मास्क केला. ५० नॅनोमीटर हीच जाडी, पण लांबी ४, ५, ६, ८ आणि १० मायक्रोमीटर. लांब पट्ट्या चिकटू नयेत म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये वाळवल्या. वारंवारतेच्या वर्गमुळाचा व्यस्त घेऊन तो लांबीसमोर मांडला की सरळ रेघ यायला हवी. पकड आदर्श असेल तर ती शून्यातून जाते. नसेल तर डावीकडे जिथे आडव्या अक्षाला छेदते, तेवढी लपलेली लांबी. आणि रेघेच्या चढावरून, पकडीचा संबंध न येता, गुणांक मिळतो.

रेघ सरळ आली. छेद उणे ०.४ मायक्रोमीटरवर. चढावरून गुणांक १५२ गिगापास्कल.

म्हणजे ५७ पैकी ४० गिगापास्कलची तूट पकडीची होती. उरले १७. त्यांचं काय?

इथे थांबून १५२ हाच पृष्ठीय परिणाम म्हणायचा मोह होता आणि तिने तो मोकळेपणाने बोलून दाखवला. दहा टक्के घट, तीही पकडीची चूक काढून टाकल्यावर. पण सूत्राने १० न्यूटन प्रति मीटरच्या हिशेबाने ०.७ टक्केच दिले असते. अजूनही पंधरापट तफावत होती.

उत्तर हवेत होतं. सिलिकॉन हवेत ठेवला की त्यावर एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड आपोआप चढतो. संस्थेबाहेरच्या एका सुविधेत आडवा छेद घेऊन टीईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलं, दोन्ही बाजूंना दीड-दीड नॅनोमीटरचा थर दिसला. एलिप्सोमीटरच्या मॉडेलमध्ये हा थर वेगळा धरलेला नव्हता. ५० नॅनोमीटर म्हणजे सगळा सिलिकॉन, असं मानलं होतं. प्रत्यक्षात ४७ सिलिकॉन आणि ३ ऑक्साइड. ऑक्साइडचा यंग गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपास, आणि तो नेमका बाहेरच्या, वाकताना सगळ्यात जास्त भार घेणाऱ्या भागात. तीन थरांची पट्टी धरून हिशेब केला की गुणांक १५२ निघतो. हा थर पृष्ठभाग मानून पृष्ठीय गुणांक काढला तर तो उणे १४८ न्यूटन प्रति मीटर येतो, स्वच्छ सिलिकॉनच्या पंधरापट.

हिशेब जुळला म्हणजे कारण सिद्ध झालं, असं होत नाही. एकदा जुळणाऱ्या हिशेबानेच तर सगळी वाट चुकली होती. म्हणून तिने जो प्रयोग सुचवला तो मला या सगळ्या कामात सर्वांत आवडला. एकाच पट्टीची वारंवारता घ्यायची, एक टक्का एचएफमध्ये अर्धा मिनिट बुडवून नैसर्गिक ऑक्साइड काढायचा, वाळवून लगेच व्हॅक्यूममध्ये टाकायची आणि पुन्हा वारंवारता घ्यायची. पातळ केलेलं एचएफ मिनिटाला काही नॅनोमीटरच खातं, त्यामुळे अंडरकट जवळपास तेवढाच राहतो. पट्टी तीच, पायथा तोच, लांबी तीच. जाडी आणि लांबी मोजण्यातल्या सगळ्या चुका दोन्ही वेळा सारख्याच, म्हणून वजा होतात. वारंवारता तर हजारात एका भागापेक्षाही बारीक मोजता येते.

भाकीत आधी लिहून ठेवलं. ऑक्साइड मऊ आहे, तो काढल्यावर वारंवारता वाढेल असं पटकन वाटतं. पण हिशेब उलट सांगत होता: ऑक्साइड मऊ असला तरी तो बाहेरच्या बाजूला असल्याने ताठपणात साडेआठ टक्के भर घालतो आणि वस्तुमानात सहा. तो काढला की वारंवारता १.१ टक्क्याने, म्हणजे सुमारे २५ किलोहर्ट्झने, घसरायला हवी. बुडवताना काही पट्ट्या चिकटून वाया गेल्या. ज्या वाचल्या त्यांची वारंवारता भाकितानुसारच घसरली, दिशेनेही आणि मापानेही.

## निकाल

पकड आणि ऑक्साइड दोन्ही धरल्यावर तिन्ही जाड्यांचा गुणांक १६५ ते १७२ गिगापास्कलच्या दरम्यान आला. ५० नॅनोमीटरच्या पट्टीवर अनिश्चितता ८ गिगापास्कलची, कारण जाडीतला एक नॅनोमीटरचा संशय एकटाच गुणांकात चार टक्के घालतो. अपेक्षित पृष्ठीय परिणाम होता १.२ गिगापास्कल. म्हणजे या पद्धतीने या जाडीवर स्वच्छ सिलिकॉनची पृष्ठीय लवचिकता दिसणं शक्यच नव्हतं. ती चार टक्क्यांपर्यंत जायला जाडी ९ नॅनोमीटरच्या आसपास यावी लागते, आणि तिथे हवेतला ऑक्साइड पट्टीचा तिसरा हिस्सा होऊन बसतो.

परिषदेची मुदत गेली. पेपर वेगळ्या शीर्षकाने, पद्धतीवरचा पेपर म्हणून लिहिला गेला: पकडीची चूक आणि नैसर्गिक ऑक्साइड मिळून आकाराच्या परिणामाची हुबेहूब नक्कल कशी करतात, आणि एकाच पट्टीवरचं आधी-नंतरचं मोजमाप त्यांना कसं वेगळं काढतं. आधी योजलेल्या नियतकालिकापेक्षा लहान ठिकाणी तो स्वीकारला गेला. प्रबंधात ते सगळ्यात भक्कम प्रकरण झालं, असं परीक्षकांनी तोंडी परीक्षेत म्हटलं. वेळ लागला, आणि त्याची झळ तिला बसली. फेलोशिपचा काळ संपत आला होता, शेवटचे महिने तिने ओढाताणीत काढले. हे नोंदवणं मला गरजेचं वाटतं, कारण बरोबर निर्णयाची किंमत बहुतेक वेळा विद्यार्थीच भरतात.

## वेगळं काय करता आलं असतं

मास्क काढण्याआधी दोन ओळींचा अंदाज पुरेसा होता. पृष्ठीय गुणांक दहाच्या घरात, जाडी ५० नॅनोमीटर, म्हणून परिणाम एका टक्क्याच्या आत. जाडीची अनिश्चितता चार टक्के. हा प्रयोग आपल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं असतं. मग एकतर जाडी फार खाली न्यायची, नाहीतर पहिल्यापासूनच फरक मोजायचा. गाईड आता नव्या विद्यार्थ्यांकडून हा अंदाज प्रस्तावातच मागतात.

मास्कमध्ये प्रत्येक जाडीला निदान चार-पाच लांब्या हव्यात. चिपवर जागा मुबलक असते, जास्तीच्या पट्ट्यांना वेगळा खर्च येत नाही. लांबी-जाडीचं प्रमाण स्थिर ठेवणं ही चांगली सवय आहे, पण जाडीचा परिणाम शोधायचा असेल तर तीच सवय दोन कारणं एकमेकांत गुंफून टाकते.

पकडीबद्दल माझं मत गाईडपेक्षा थोडं वेगळं आहे. लांबीची मालिका करून चूक वजा करणं ठीक, पण अंडरकट मुळातच कमी करता येतो: रुंदी २ ऐवजी १ मायक्रोमीटर घेतली तर रिलीजला निम्मा वेळ पुरतो, आणि द्रवाऐवजी एचएफची वाफ वापरली तर चिकटण्याची भीती कमी होऊन वेळ आखडता घेता येतो. गाईडचं म्हणणं, अरुंद पट्टीवर लेझरचा परतावा क्षीण होतो आणि मोजमाप बिघडतं. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. त्यांच्या व्हायब्रोमीटरचा ठिपका पाहता त्यांचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

टीईएमचा छेद एकाच पट्टीचा घेतला होता. ऑक्साइडची जाडी पट्टीगणिक थोडी बदलू शकते. बुडवण्याच्या प्रयोगाने ही उणीव बरीच भरून काढली, तरी आणखी एक-दोन छेद असते तर रेफरीची एक फेरी वाचली असती.

आणि एक वाद अजून मिटलेला नाही. ऑक्साइडमुळे पट्टी मऊ भासते, तर तो पृष्ठीय परिणाम म्हणायचा की नाही? सेन्सर बनवणाऱ्याच्या दृष्टीने तो पृष्ठीयच आहे: पृष्ठभागावर बसतो, जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, आणि हवेत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक पट्टीत असतोच. स्वच्छ पृष्ठभागाच्या अणूंचं गणित तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो परका थर आहे. मला पहिली भूमिका व्यवहाराला जास्त धरून वाटते, पण मग तसं स्पष्ट लिहायला हवं आणि मिळालेला आकडा स्वच्छ पृष्ठभागाच्या गणनेशेजारी मांडू नये. पेपरच्या अंतिम मसुद्यात त्यांनी दोन्ही गुणांक वेगवेगळ्या नावांनी दिले, उणे १४८ आणि उणे १०, आणि पहिला मोजलेला तर दुसरा गणनेतून घेतलेला असल्याचं तिथेच नमूद केलं.